यंत्राचा शब्दशोध आणि आपली देवनागरी



मोठ्या ग्रंथात एखादा शब्द नेमका कोठे कोठे आला आहे हे शोधून काढणे, हे पूर्वी विद्वानांच्या चिकाटीची कसोटी पाहणारे काम होते. शब्द चिठ्ठ्यांवर उतरवावयाचे, चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावावयाच्या आणि त्यांवरून सिद्ध झालेली सूची ग्रंथाच्या अखेरीस छापावयाची, अशी ती रीत होती. आज संगणकाच्या पडद्यावर हेच काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. वाचकाने चौकटीत शब्द लिहावा आणि समोरच्या पानावर तो शब्द जेथे जेथे असेल तेथे तेथे पिवळा रंग चढावा, इतके ते सुलभ झाले आहे.

परंतु मराठी वाचकाला मधूनमधून एक चमत्कारिक अनुभव येतो. शब्द पानावर धडधडीत दिसत असतो आणि यंत्र मात्र सांगते की, तो शून्य ठिकाणी सापडला. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' या म्हणीतला मनुष्य निदान शोधत तरी फिरतो. यंत्राच्या शून्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य शोधच सोडून देतो आणि 'या विषयावर काही लिहिलेले नाही' अशी आपल्या मनाची समजूत करून घेतो. हे खोटे शून्य कोठून येते आणि ते कसे टाळावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न भोपाळात बसून विचारण्यास कारण आहे. येथील मराठी माणूस सकाळी हिंदी वृत्तपत्र वाचतो आणि घरी मराठी पुस्तक उघडतो. दोन्ही भाषा एकाच देवनागरी लिपीत लिहिल्या जात असल्यामुळे आपण एका भाषेतून दुसरीत केव्हा गेलो याचे त्याला भानही राहत नाही. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली मराठी कुटुंबात जन्मलेले माधवराव सप्रे हे या दुभाषी परंपरेचे थोर प्रतिनिधी होत. त्यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय १९८४ च्या जून महिन्यात भोपाळात स्थापन झाले.

त्याच वर्षी डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि या शहरावर अभूतपूर्व संकट कोसळले. त्या घटनेविषयी हिंदीत आणि मराठीत अपार मजकूर लिहिला गेला आहे. समजा, एखाद्या मराठी विद्यार्थ्याने त्याविषयीचे हिंदी पान उघडून 'गॅस' हा शब्द शोधावयास घेतला. यंत्र शून्य दाखवील, कारण हिंदीत तो शब्द 'गैस' असा लिहितात. त्याने शहराचे नाव 'भोपाळ' असे लिहिले तरीही शून्यच, कारण हिंदीत ते 'भोपाल' आहे. त्याने '१९८४' हा आकडा शोधला तरी पुन्हा शून्य, कारण बहुतेक हिंदी वृत्तपत्रे आता आंतरराष्ट्रीय आकडे छापतात. घटना एक, नगर एक, वर्ष एक. आणि तीनही प्रश्नांना यंत्राचे उत्तर 'काही नाही' असे येते. वाचणाऱ्या माणसाला या तीनपैकी एकही अडचण क्षणभरही अडवीत नाही. मग यंत्रालाच ती का अडवावी?

पान म्हणजे एक वृक्ष

याचे उत्तर देण्यापूर्वी शब्दाला रंग चढतो कसा, ते थोडक्यात पाहू. हे काम करणारी आज्ञावली जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली असते. ब्रेंडन आयक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. १९९७ मध्ये तिचे प्रमाणरूप प्रसिद्ध झाले, आणि आज सर्व प्रमुख ब्राउझर ती जाणतात.

पडद्यावरचे पान आपल्याला सलग मजकुरासारखे दिसते. पण ब्राउझरच्या लेखी ते एक वृक्ष असते. मथळा, परिच्छेद, कोष्टक, दुवा या त्याच्या फांद्या, आणि प्रत्यक्ष मजकूर ही त्या फांद्यांच्या टोकांची पाने. उतावळा आज्ञावलीकार काय करतो? तो सगळा वृक्ष तोडून त्याची एक लांबलचक मोळी बांधतो, तीत हवा तो शब्द शोधतो, शब्दाच्या दोन्ही बाजूंना रंगाची आज्ञा घालतो आणि मोळी पुन्हा जमिनीत रोवतो. आता समजा, 'तलाव' हा शब्द एखाद्या चित्राच्या अदृश्य वर्णनातही आहे. तेथेही रंगाची आज्ञा घुसते आणि चित्राची मूळ आज्ञाच मोडते. दुव्यांच्या पत्त्यांचीही तीच गत होते. शिवाय पानावरील बटणांना जोडलेल्या क्रिया तुटून जातात, ते निराळेच.

याहून गंभीर धोका असा की, वाचकाने चौकटीत लिहिलेली अक्षरे पानाच्या आज्ञांत मिसळली, तर कोणीही खोडसाळ मनुष्य शब्दाच्या जागी आज्ञाच लिहून ती दुसऱ्याच्या संगणकावर चालवून घेऊ शकतो. वाचकाने दिलेला शब्द हा सदैव मजकूर म्हणूनच वागवावा, आज्ञा म्हणून नव्हे, हा या कामातील पहिला दंडक आहे.

योग्य रीत माळ्याची आहे. त्याने फांदीफांदीवरून फिरावे आणि फक्त मजकुराची पाने गोळा करावीत. आज्ञांच्या आणि शैलीच्या फांद्या वगळाव्यात. सारी पाने गोळा झाल्यावर एकेका पानात शब्द शोधावा. सापडला तर त्या पानाचे तीन तुकडे करावेत: शब्दाच्या आधीचा, शब्दाचा आणि शब्दानंतरचा. मधल्या तुकड्याभोवती 'मार्क' नावाचे वेष्टन घालावे. हे वेष्टन याच कामासाठी एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत आले, आणि ब्राउझर त्याला आपण होऊन पिवळी पार्श्वभूमी देतो. सर्व पाने आधी गोळा करण्याचे कारण असे की, फिरता फिरताच वेष्टने घालू लागल्यास फिरणारी आज्ञा आपणच घातलेल्या वेष्टनात शिरते, तेथे तोच शब्द तिला पुन्हा सापडतो आणि ती कायमची गरगरत राहते. नवा शोध सुरू करण्यापूर्वी जुनी वेष्टने काढून तुकडे पुन्हा सांधावेत, हेही ओघानेच आले.

अलीकडे याहूनही सौम्य मार्ग उपलब्ध झाला आहे. २०२२ पासून क्रोममध्ये, आणि त्यानंतर इतर प्रमुख ब्राउझरांतही, वृक्षाला हात न लावता 'या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत रंग दाखव' एवढेच सांगता येते. जुन्या दस्तऐवजाला पेन्सिल न लावता त्यावर पारदर्शक कागद ठेवून खुणा कराव्यात, तसाच हा प्रकार होय.

यंत्र अक्षर पाहत नाही, अंक पाहते

इथवरचा भाग कोणत्याही भाषेला सारखाच लागू आहे. आपली खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. दोन शब्द 'एकच' केव्हा म्हणावयाचे?

यंत्राच्या पोटात अक्षरे नसतात, अंक असतात. भारतीय लिप्यांसाठी आपल्या मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकत्र सामावणाऱ्या युनिकोडचा पहिला खंड निघाला, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. या मांडणीत देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचे क्रमांक मिळाले. 'भोपाळ' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण यंत्राजवळ तो पाच अंकांचा आहे: भ २३४९, ओकाराची मात्रा २३७९, प २३४६, काना २३६६ आणि ळ २३५५. हिंदी 'भोपाल'मध्ये पहिले चार अंक तेच. शेवटचा मात्र २३५४. ल आणि ळ हे अंकांच्या रांगेत शेजारी आहेत. पण यंत्राला शेजार कळत नाही. एकाचा फरक आणि हजाराचा फरक त्याला सारखाच.

'ध'चा 'मा' केला म्हणून काय अनर्थ घडला, ती पेशवाईतील आख्यायिका आपण सर्वजण जाणतो. एका अक्षराने अर्थ बदलतो हे खरेच आहे, आणि म्हणून यंत्राच्या काटेकोरपणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. तक्रार एवढीच की, कोठे काटेकोर राहावे आणि कोठे सैल व्हावे हे यंत्राला आपण शिकविलेले नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारी, पण अंकांनी भिन्न असलेली अक्षरे. 'ॲप' या शब्दातील पहिले अक्षर घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र रूपाने २००८ साली आले. तत्पूर्वी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि पुष्कळजण अजूनही देतात. काहीजण त्या दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही घालतात. तीनही प्रकार पडद्यावर सारखे दिसतात, पण अंकांच्या रांगा तीन निराळ्या आहेत. वाचक एका प्रकाराने शब्द लिहितो, पान दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले असते, आणि उत्तर शून्य येते.

तीच गोष्ट आपल्या खास मराठी 'ऱ्य'ची. 'दुसऱ्या' या शब्दातील हे जोडाक्षर ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येते, र खाली नुक्ता देऊन लिहिता येते, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही उमटविता येते. पहिल्या दोन प्रकारांना एकरूप करण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून आहे. तिला 'नॉर्मलाइझ' म्हणतात. तिसरा प्रकार मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकली, तर तिसऱ्या प्रकारचे 'ऱ्य' हे 'र्य' होऊन बसते. मग 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत भेद उरत नाही, आणि स्वयंपाकघर व पाठशाळा एक होतात. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचेही तेच. यास्तव आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रयीचे ऱ आणि हलन्त असे रूप करावे, आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. हा क्रम परभाषक आज्ञावलीकाराला सुचणार नाही. तो मराठी जाणणाऱ्यानेच सांगावयास हवा.

शब्द कोठे सुरू होतो?

आता दुसरी अडचण. भोपाळच्या पर्यटनाविषयीचे एखादे पान घ्या. त्यात मोठ्या तलावाकाठच्या वन विहार राष्ट्रीय उद्यानाची माहिती आहे, आणि १९८२ साली उघडलेल्या भारत भवनाचीही आहे. वाचकाने 'वन' हा शब्द शोधला. साधी आज्ञावली 'वन विहार' तर उजळतेच, पण 'भवन', 'जीवन', 'पवन' यांच्या शेपट्याही पिवळ्या करून सोडते. हे टाळण्यासाठी आज्ञावलीकार म्हणतो, 'मी शब्दाची सीमा पाहीन.' जावास्क्रिप्टमध्ये शब्दसीमेची एक जुनी खूण आहेही. परंतु ती खूण रोमन वर्णमाला, दहा आंतरराष्ट्रीय आकडे आणि अधोरेषा एवढ्यांनाच शब्दाचे घटक मानते. देवनागरी अक्षर तिच्या हिशेबी मोकळ्या जागेसारखेच. मोकळ्या जागेपुढे पुन्हा मोकळी जागा, तेव्हा सीमा कोठून येणार? परिणाम असा की, 'भवन' गेले ते गेलेच, पण 'वन विहार'ही गेले. इंग्रजी पानावर चोख चालणारी ओळ मराठी पानावर शून्य देते, आणि चूक झाल्याची कसलीही सूचना देत नाही.

२०१८ पासून जावास्क्रिप्टला जगातील सर्व लिप्यांची 'अक्षरे' आणि 'चिन्हे' असे वर्ग कळू लागले आहेत. त्यांच्या साहाय्याने सीमा आपणच आखता येते. मात्र केवळ 'अक्षर' हा वर्ग घेऊन भागत नाही, कारण आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त हे 'चिन्ह' या वर्गात मोडतात. वर्ग अपुरा घेतला तर गंमत होते. 'भवन'मध्ये व च्या आधी भ हे अक्षर आहे, म्हणून तेथे 'वन' नाकारले जाते. पण 'जीवन'मध्ये व च्या आधी वेलांटी आहे, आणि वेलांटी हे अक्षर नसल्यामुळे यंत्राला वाटते की तेथूनच नवा शब्द सुरू झाला. दोन्ही वर्ग एकत्र घेतले म्हणजे हा घोटाळा मिटतो.

शब्दाच्या शेवटीही असाच विचार हवा. 'पत' हा शब्द शोधला असता 'पत्र' या शब्दातील पहिली दोन अक्षरे जुळतात. तेवढ्यांनाच वेष्टन घातले तर त्र हे जोडाक्षर मधोमध चिरले जाते आणि पडद्यावर त्याचे विचित्र अवशेष दिसू शकतात. म्हणून जुळणीनंतर लगेच हलन्त येत असेल तर ती जुळणी सोडून द्यावी.

आणखी एक बारीक गोष्ट. शोधाच्या सांकेतिक भाषेत काही विरामचिन्हांना विशेष अर्थ असतात. पूर्णविराम म्हणजे तेथे 'कोणतेही एक चिन्ह'. वाचकाने 'डॉ.' असे लिहिले की यंत्र 'डॉक्टर' या शब्दातील 'डॉक' एवढा तुकडा उजळून मोकळे होते. अशा चिन्हांचा विशेष अर्थ आधी काढून घ्यावा लागतो.

मराठीची सामान्यरूपे

हिंदीत नामापुढचा परसर्ग सुटा लिहितात. 'भोपाल में' या दोन शब्दांत नगराचे नाव अभंग राहते. मराठीत आपण 'भोपाळमध्ये', 'भोपाळला', 'भोपाळचा', 'भोपाळकरांनी' असे सलग लिहितो. त्यामुळे 'पूर्ण शब्दच जुळला पाहिजे' असा नियम मराठीत लावला, तर निम्म्याहून अधिक स्थळे हातची जातात. आपल्यासाठी नियम असा हवा: शब्दाचा आरंभ काटेकोर, शेवट सैल, आणि जुळणी झाली की त्या शब्दाच्या अंतापर्यंत सगळा शब्द उजळावा. 'तलाव' शोधणाऱ्याला 'तलावाकाठचा' हा शब्द अखंड पिवळा दिसावा.

एवढ्यानेही सर्व साधत नाही, कारण कित्येक नामे विभक्ती लागण्यापूर्वी आपले रूपच पालटतात. 'पाणी' याचे 'पाण्याने' होते, 'विहीर' याचे 'विहिरीत', 'मूल' याचे 'मुलांना'. कारखान्याच्या परिसरातील भूजल दूषित झाल्याचा प्रश्न भोपाळात वर्षानुवर्षे गाजला. त्याविषयीच्या मराठी लेखात 'पाणी' हा शब्द शोधणाऱ्याला 'पाण्यातील', 'पाण्यामुळे', 'पाण्याची' ही सारी स्थळे दिसली नाहीत, तर लेखाचा गाभाच त्याच्या दृष्टीआड राहतो.

येथे आपल्या व्याकरणकारांचे काम उपयोगी पडते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले; तेव्हापासून चालत आलेल्या अभ्यासातून शाळेत आपण जी सामान्यरूपे शिकलो, त्यांचे मोजके नियम आज्ञावलीत घालता येतात. शेवटच्या 'णी'चे 'ण्य' करावे. उपान्त्य दीर्घ इकार किंवा उकार ऱ्हस्व करून पाहावा. मूळ रूपाबरोबर हे रूपही शोधावे. चार-पाच नियमांनी नेहमीच्या शब्दांचे बरेचसे काम भागते.

जुन्या मराठी मजकुराला आणखी एक पदर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि व्युत्पत्तीने येणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. तत्पूर्वीच्या वृत्तपत्रांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असे छापलेले असे. आजचा वाचक 'काही' शोधील, तर त्याला जुन्या मजकुरात 'कांहीं' सापडावयाचे नाही. एका शतकाहून अधिक काळाची मराठी पत्रसृष्टी एका टिंबापायी अदृश्य व्हावी, हे योग्य नव्हे.

तुलनेची प्रत आणि रंगाच्या दोन छटा

मग उपाय काय? मूळ मजकूर बदलावा काय? मुळीच नाही. संहिता जशी आहे तशीच राहिली पाहिजे. जुन्या लेखकाचे अनुस्वार पुसण्याचा अधिकार शोधयंत्राला नाही. उपाय असा की, मजकुराची एक तुलनेची प्रत यंत्राच्या स्मरणात तयार करावी. त्या प्रतीत ळ आणि ल यांना एक समजावे, अर्धचंद्र आणि ऐकार यांना एक समजावे, दोन्ही प्रकारचे आकडे एक समजावेत, अनुस्वार वगळावेत. वाचकाच्या शब्दालाही त्याच साच्यातून काढावे. शोध या प्रतीत करावा. पण प्रतीतील प्रत्येक चिन्ह मूळ मजकुरात कितव्या जागी होते याची नोंद ठेवावी, आणि रंग मूळ मजकुरावर चढवावा. आता 'गॅस' शोधणाऱ्याला 'गैस' दिसेल, आणि 'भोपाळ' शोधणाऱ्याला 'भोपाल' दिसेल.

काही जोड्या या साच्यातही बसत नाहीत. मराठी 'बँक' आणि हिंदी 'बैंक' यांत चिन्हांची संख्याच भिन्न आहे. अशांसाठी एक छोटी यादी हाताने करावी लागते, आणि दोन्ही भाषा रोज वाचणाऱ्या माणसाइतकी ती दुसऱ्या कोणाला चांगली करता येणार नाही.

साचा सैल केला की चुकीच्या जुळण्या येणार, हे उघड आहे. ळ आणि ल एक मानले की 'काळ' शोधताना 'काल' येतो, 'वेळ' शोधताना 'वेल' येते, 'मूळ' शोधताना 'मूल' येते. अनुस्वार वगळला की 'घरात' आणि 'घरांत' यांतील एकवचन-अनेकवचनाचा भेद लोपतो. 'वन' शोधताना 'वनिता'ही उजळेल. म्हणून रंगाच्या दोन छटा असाव्यात. तंतोतंत जुळलेला शब्द गडद रंगात दाखवावा. साच्यातून जुळलेला शब्द फिक्या रंगात, खाली तुटक रेघ देऊन दाखवावा. रेघ अशासाठी की, ज्यांना रंगांचा भेद नीट दिसत नाही त्यांनाही तो कळावा. पानाच्या माथ्यावर 'अचूक ७, सदृश १२' अशी संख्याही द्यावी. निवड करणे हे वाचकाचे काम आहे. यंत्राने त्याच्यापुढे सर्व उमेदवार प्रामाणिकपणे उभे करावेत.

जी पाने मुकी आहेत

एवढे सर्व करूनही काही पाने मुकीच राहतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, मध्य प्रदेशातील असंख्य कागद 'कृतिदेव' या टंकात लिहिले गेले. या टंकात पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरे साठविलेली असतात. पडद्यावर 'भोपाल' दिसत असता आत एच, के, के, एस, आय, के, वाय अशी सात रोमन अक्षरे असतात. त्या मजकुराचे आधी रूपांतर केल्यावाचून कोणताही शोध चालणार नाही. तीच गोष्ट जुन्या वृत्तपत्रांच्या छायाचित्रांची. चित्रात अक्षरे डोळ्यांना दिसतात, यंत्राला केवळ काळे-पांढरे ठिपके दिसतात. ज्या पानात मजकूर नसून चित्र आहे, तेथे शून्य दाखविण्याऐवजी 'या पानात शोध करता येत नाही' असे स्पष्ट लिहावे. सापडले नाही आणि शोधताच आले नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच उत्तर देणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय.

तात्पर्य, शब्दाला पिवळा रंग देणे हे काम यंत्राचे असले, तरी कोणते दोन शब्द एक मानावयाचे हे ठरविणे भाषेच्या जाणकारांकडे आहे. ही जाण विलायतेहून तयार येणार नाही. मराठी संस्था, ग्रंथालये, वृत्तपत्रे यांपैकी ज्यांची ज्यांची संकेतस्थळे आहेत, त्यांनी आपल्या शोधाची एक सोपी परीक्षा घ्यावी. आपल्याच एखाद्या पानावर, जेथे हे शब्द निश्चित आहेत हे ठाऊक आहे, तेथे पाच शब्द शोधून पाहावेत: 'विहीर' शोधून 'विहिरीत' उजळते का, 'पाणी' शोधून 'पाण्याचा' उजळतो का, 'दुसऱ्या' हा शब्द निरनिराळ्या प्रकारांनी लिहून तितक्याच वेळा सापडतो का, 'वन' शोधताना 'जीवन' गप्प राहते का, आणि '१९८४' शोधून दोन्ही तऱ्हांचे आकडे दिसतात का. जेथे शून्य येईल तेथे आपल्या आज्ञावलीकाराला बोलावून घ्यावे, हे नियम त्याच्यापुढे ठेवावेत आणि दुरुस्ती झाल्यावर हेच पाच शब्द पुन्हा शोधून पाहावेत.